पार्श्वभूमी: वेठ, साल, उचल

वीटभट्टीवरून मजूर सोडवले, अशी बातमी नागपूरच्या आसपासच्या एखाद्या तालुक्यातून आली की पुढचा वाद ठरलेला. भट्टीवाला म्हणतो, यांनी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली होती आणि काम अर्धवट टाकून निघाले होते. मजूर म्हणतात, उचल केव्हाच फिटली, पण हिशेब कोणी दाखवत नाही. मग तहसील कार्यालयात प्रश्न निघतो शब्दाचा: याला वेठबिगार म्हणायचे का? भांडवलशाही आणि गुलामी यांच्या नात्यावर जगात भरपूर लिहिले गेले आहे. इंग्लंडच्या कारखानदारीला गुलामांच्या घामाचा पैसा लागला, अशी मांडणी त्रिनिदादच्या एका इतिहासकाराने १९४४ साली केली, तेव्हापासून तो वाद चालूच आहे. आपल्याकडे तोच वाद या एका शब्दात अडकला आहे, म्हणून आधी शब्द पाहू.

वेठ म्हणजे संस्कृतातली विष्टी. रामटेकजवळच्या नगरधन परिसरातून, म्हणजे जुन्या नंदिवर्धनातून, राज्य केलेल्या वाकाटकांच्या पाचव्या शतकातल्या ताम्रपटांत दान दिलेल्या गावाला सर्व प्रकारची विष्टी माफ केल्याचे येते. माफी कोरून द्यावी लागत होती, तेव्हा बाकीच्या गावांच्या मानेवर ती होतीच. बिगार हा शब्द फारसीतून आला. दोन्हींत काम सक्तीचे आणि फुकटचे: पाटलाचे, मालगुजाराचे, दौऱ्यावरच्या साहेबाचे. ओझे वाहा, लाकडे फोडा, निरोप पोचवा. यात कर्जाचा संबंध नाही. पेशवाईतल्या कुणबिणी आणि बटकी वेगळ्या, त्यांची उघड खरेदी-विक्री होई. साल धरणारा, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा, सालदार आणखी वेगळा. पुढे कायदे मराठीत बोलू लागले तेव्हा कर्जापायी अडकलेल्या मजुरालाही 'वेठबिगार' हेच नाव मिळाले. त्याचा परिणाम असा की पैसे घेऊन काम करणारा माणूस वेठबिगार कसा, असे आजही लोक खरेच गोंधळून विचारतात.

कापसाची कथा विदर्भात सगळ्यांना ठाऊक आहे, तिचा एकच पदर इथे हवा. १८६० च्या सुमारास ब्रिटनच्या गिरण्यांत जाणाऱ्या कापसापैकी जवळजवळ चार-पंचमांश अमेरिकेचा होता आणि तो बहुतांशी गुलामांनी वेचलेला होता. त्या वर्षीच्या शिरगणतीत तिथे सुमारे ४० लाख गुलाम मोजले गेले. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले, माल अडला, आणि लँकेशायरला, म्हणजे ब्रिटनच्या गिरण्यांच्या मुलखाला, हिंगणघाट, खामगाव, अमरावती आठवले. रेल्वे नागपूरला पोचली १८६७ मध्ये. तोवर युद्ध संपून दोन वर्षे झाली होती आणि तेजी ओसरली होती. तेजी पाहून पेरा वाढवलेल्या कित्येकांकडे शेवटी सावकाराचे देणे राहिले.

१ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल ही कापडाची गिरणी सुरू झाली. त्याच वर्षी तिथे मजुरीच्या दरावरून संप झाला. देशात नोंदल्या गेलेल्या अगदी सुरुवातीच्या संपांत तो धरतात. व्यवस्थापनाचे दुखणे मात्र हजेरीचे होते. सण आला, पेरणी आली, हातात चार पैसे खुळखुळले की माणसे गावी निघून जात. ती टिकावीत म्हणून बक्षिसे, पेन्शन, पुढे भविष्य निर्वाह निधी अशा सोयी आल्या. या तपशिलाचे मला फार मोल वाटते. जाऊ शकणाऱ्या माणसाला थांबवायचे तर मालकाला हात सैल सोडावा लागतो. गावात ज्या महाराला हाक आली की उठावेच लागे, त्याला भोंग्यावर सुरू होणारे आणि भोंग्यावर संपणारे काम मिळाले, रोख पगार मिळाला. या शहरातल्या दलित चळवळीला गिरणी कामगारांच्या वस्त्यांनी जे बळ दिले, त्यात या पगाराचा वाटा आहे. भांडवलाने मजुराला फक्त नागवलेच, असे नागपुरात बसून लिहिता येत नाही. पण बाजार जात पाहत नाही, हेही खरे नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खाते अस्पृश्यांना बंद होते, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे.

आता कायदा. सगळा गुंता इथेच आहे. ब्रिटिश साम्राज्यातली गुलामी बंद करणारा १८३३ चा कायदा कंपनीच्या ताब्यातल्या हिंदुस्थानाला लागू नव्हता. इथे आला १८४३ चा पाचवा कायदा. त्याने गुलामी बंद झाली असे सर्रास लिहिले जाते, पण त्यात कोणालाही मुक्त केल्याचे वाक्य नाही. माणसावरची मालकी कोर्ट मानणार नाही, सरकारी अंमलदार वसुलीसाठी माणूस विकणार नाही, गुलाम म्हणून कोणाची कमाई हिरावता येणार नाही, मुख्यतः एवढेच त्यात होते. गुलाम ठेवल्याबद्दल मालकाला शिक्षा नव्हती. नागपूर तेव्हा भोसल्यांचे होते. ते खालसा झाले १८५४ मध्ये. गुलामाची खरेदी-विक्री हा गुन्हा ठरला १८६० च्या दंडसंहितेने. त्याच्या एकच वर्ष आधी, १८५९ मध्ये, दुसरा एक कायदा झाला: आगाऊ रक्कम घेतलेल्या कारागिराने किंवा मजुराने काम सोडले, तर मॅजिस्ट्रेट त्याला कामावर परत जायला सांगू शकत होता, आणि ऐकले नाही तर तीन महिन्यांपर्यंत तुरुंग. माणूस विकत घेण्याची वाट बंद होत असतानाच उचलीने बांधण्याची वाट सरकारी शिक्क्याने खुली झाली. हा कायदा रद्द झाला १९२५ साली. माझ्या मते आपल्याकडच्या मजुरीच्या इतिहासात सर्वात जास्त नुकसान याच कायद्याने केले. उचल घेऊन पळाला म्हणजे चोरच, हा समज तेव्हाचा आहे, आणि तो कायद्याबरोबर गेला नाही.

आमच्या घरात आजोबांची एक लाल कापडी बांधणीची चोपडी आहे. काटोलकडे आमची शेती होती. पाडव्याला साल ठरे, आणि त्या दिवशी सालदाराच्या नावाने नवे पान सुरू होई. वर ठरलेले साल, खाली जवारी, जोडा एक, घोंगडी एक. मग महिनोन् महिने घेतलेल्या किरकोळ रकमा: दवाखाना, लुगडे, मुलीचे लग्न. उजवीकडे खाड्यांची कपात. एका सालदाराची पाने सलग आहेत आणि प्रत्येक पानाची पहिली ओळ तीच आहे: 'मागील बाकी'. लग्नाच्या वर्षानंतर ती कधीच शून्यावर आली नाही. आजोबा प्रेमळ होते, हे मी आजही म्हणेन. पण त्या माणसाला पुढच्या पाडव्याला दुसऱ्या दारी जाता आले असते का, याचे उत्तर त्याच पहिल्या ओळीत आहे.

ऑक्टोबर १९७५ मध्ये, आणीबाणीत, वेठबिगारी बंद करणारा वटहुकूम निघाला आणि १९७६ मध्ये त्याचा कायदा झाला. वटहुकूम कोणत्या काळात निघाला ते बाजूला ठेवून म्हणतो, कायदा चांगला आहे. त्याने मजूर सुटला आणि कर्जही बुडीत ठरले. ते वसूल करणेच गुन्हा झाला. अंमलबजावणीत मात्र कर्जाचा पुरावा मागितला जाऊ लागला, आणि चोपडी तर मालकाच्या पेटीत. १९८२ मध्ये दिल्लीच्या एशियाड बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संविधानाच्या, वेठ आणि सक्तीच्या श्रमांना मनाई करणाऱ्या, अनुच्छेद २३ चा अर्थ लावताना सांगितले की भुकेपोटी, दुसरा पर्याय नाही म्हणून किमान वेतनापेक्षा कमी पैशात केलेले काम हे सक्तीचेच श्रम आहेत. पैसे घेऊनही माणूस वेठीला असू शकतो, हे तिथे स्पष्ट झाले. पुढच्या वर्षी दगडखाणींच्या खटल्यात न्यायालय म्हणाले की सक्तीचे काम दिसले तर त्यामागे उचल आहे असे गृहीत धरावे, नसल्याचे मालकाने सिद्ध करावे. तहसिलीतल्या वादाचे उत्तर तेव्हाच दिले गेले आहे.

१८३३ च्या कायद्याने भरपाई दिली ती गुलामांच्या मालकांना, २ कोटी पौंड. त्यासाठी काढलेले कर्ज ब्रिटनच्या करदात्यांनी २०१५ मध्ये फेडून संपवले. गुलामांना काही मिळाले नाही. १९७६ च्या कायद्यात सावकाराला भरपाई नाही, आणि इथे आपण इंग्रजांपेक्षा नक्कीच पुढे गेलो. सुटलेल्या मजुराला पुनर्वसनाचे पैसेही आहेत. पण २०१६ च्या केंद्रीय योजनेत तातडीची थोडी मदत सोडली तर मुख्य रक्कम मालकाला शिक्षा होण्याशी जोडली गेली, आणि खटले वर्षानुवर्षे चालतात. सुटकेचा दाखला मिळायलाही वेळ लागतो. तोवर चूल पेटायला हवी, म्हणून पुढच्या मुकादमाची उचल घेतली जाते.