वॉकिंग फूट की डार्निंग फूट? गोधडीवर सरळ टिपा मारायच्या असतील तर आधी हे वाचा

फूट म्हणजे मशीनच्या सुईखाली कापड दाबून धरणारा भाग. गोधडीसाठी क्विल्टिंग फूट द्या म्हटलं की दुकानात काय किंवा ऑनलाईन काय, दोन पूर्ण वेगळ्या वस्तूंपैकी कुठलीही हातात पडू शकते. एक वॉकिंग फूट, दुसरा डार्निंग फूट. दोघांनाही सुईच्या स्क्रूपाशी टेकणारी एक कांडी असते, त्यामुळे पाकिटावरचा फोटो बघून काही कळत नाही. आपल्याकडे कुडाळ, चिपळूण, गुहागर साईडला आता बऱ्याच जणी आजीच्या लुगड्यांची गोधडी घरच्या मशीनवर शिवायला लागल्यात आणि चुकीचा फूट आला की आपली मशीनच बिघडलीय असं समजून अर्धी गोधडी कपाटात जाते, याचं मला फार वाईट वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी साध्या फूटने काय होतं ते बघा. मशीनचे दाते खाली असतात, ते फक्त सगळ्यात खालचं कापड मागे ढकलतात. वरचं कापड फूटखाली दाबलेलं असतं, ते घासत घासत मागे राहतं. परकर शिवताना दोनच थर असतात म्हणून जाणवत नाही, पण गोधडीत चार-पाच थर लुगडी आणि वर चौकड्यांचा जोड असला की प्रत्येक टिपेला वरचा थर थोडा थोडा फूटच्या पुढे साचत जातो आणि शेवटाला पोचेपर्यंत एक फुगवटा तयार होतो, तो दाबून शिवला की चुणी पडलीच.

वॉकिंग फूट नेमका यावरच इलाज आहे. त्याच्या तळाला स्वतःचे दाते असतात. त्याची कांडी पुढून दुहेरी असते, ती सुईच्या स्क्रूवर बसवायची, सुई वरखाली झाली की ती कांडी फूटचे दाते उचलते आणि टेकवते, म्हणजे वरचं कापड वरून आणि खालचं खालून एकाच वेळी मागे जातं. कापड मशीनच ओढते, आपण फक्त दिशा धरायची. मशीनचे खालचे दाते यात वरच राहायला हवेत, हे विसरू नका.

डार्निंग फूटचं बरोब्बर उलटं. खालचे दाते पाडायचे, किंवा ती सोय नसेल तर टाक्याची लांबी शून्यावर आणायची, आणि कापड आपल्या दोन्ही हातांनी फिरवायचं. इथे कांडीचं काम एवढंच की सुई वर गेली की फूट उचलायचा, म्हणजे कापड मोकळं होतं. टाका किती लांब येणार हे हात किती पळतो आणि मशीन किती पळते त्यावर ठरतं. वेली, कोयऱ्या, गोल नक्षी यासाठी हा फूट सुंदर आहे, सरळ रेषेसाठी नाही. सरावाच्या हातालाही लांब सरळ टीप यावर कठीण जाते. जाड अ‍ॅक्रिलिकची पट्टी टेकवून सरळ शिवतात ते खरं, पण त्याला रूलर फूट वेगळा मिळतो, साध्या डार्निंग फूटला पट्टी लावू नका, पट्टी खाली सरकली तर सुई मोडते.

ओळखायचं कसं, तर उलटा करून बघा. खाली दाते दिसले, वस्तू हाताला बोजड लागली तर वॉकिंग. छोटा, हलका, तळाला नुसती गोल किंवा लांबट कडी, बऱ्याचदा पारदर्शक, आणि वर स्प्रिंग, तर डार्निंग. घेताना आपली मशीन लो शँक आहे का हाय शँक, म्हणजे फूट जिथे बसतो तो दांडा आखूड आहे का उंच, तेही विचारा, घरगुती मशीन बहुतेक लो शँक असतात, पण खात्री करूनच पैसे द्या.

आता सरळ टिपा. टाका ३ ते ३.५ मिमी ठेवा, बारीक टाक्याने थर आक्रसतात. सुई १४ नंबर, थर जाड असतील तर १६. वॉकिंग फूटला मागे एक सळी अडकवायला भोक असतं, ती सळी आधीच्या टिपेवर ठेवून चालवली की प्रत्येक रेषा आखायची गरजच उरत नाही, पहिली तेवढी खडूने नीट आखा. ती पहिली मधोमध मारायची, मग कडेकडे जायचं. हाताच्या गोधडीत आपल्या बायका कडेपासून आत आत धावदोरा घालत जातात, पण मशीनवर तसं केलं तर सगळा फुगवटा मध्यभागी गोळा होतो आणि तिथून तो काढता येत नाही. शेजारशेजारच्या टिपा एकाच दिशेने मारा, एक वरून एक खालून केलं की थर तिरके ओढले जातात. सुरुवातीला आणि शेवटी रिव्हर्स मारू नका, हा फूट पुढे चालण्यासाठीच केलेला असतो, त्याऐवजी टाका बारीक करून चार-पाच टाके घाला, पक्कं होतं. आणि सावकाश चालवा.

पायाने चालवायच्या जुन्या काळ्या मशीनवाल्यांनी निराश होऊ नका, त्यातल्या पुष्कळ लो शँक असतात आणि त्यांना वॉकिंग फूट बसतो, शिवाय जूनमध्ये लाईट गेली तरी काम चालू. फूट मिळेचना तर साध्या फूटचा दाब वरच्या स्क्रूने थोडा सैल करा आणि थर घट्ट टाचून घ्या, मूठभर अंतरावर टाचण हवं.

टाचायला पिना वापरणार असाल तर आपल्या हवेचा विचार करा. खारं वारं आणि पावसाळी दमट, स्टीलची पिन लुगड्यात काही दिवस राहिली तरी गंज धरते आणि तो डाग मऊ जुन्या सुती कापडातून जाता जात नाही. एका बैठकीत होणार असेल तरच पिना, नाहीतर लांब कच्चा दोरा घाला आणि टिपा झाल्या की उसवून टाका.