महानगरातील मांजरपट

मोठ्या शहरात हरवलेल्या, टाकून दिलेल्या किंवा मुळातच रस्त्यावर वाढलेल्या मांजरांचे कौटुंबिक चित्रपट. यांत कार्टूनपट अधिक. जिवंत मांजरांचे कथापट आणि माहितीपट नंतरचे. मांजर पिल्लांना सात घरे फिरवते असे आपल्याकडे म्हणतात. या चित्रपटांतले गल्लीतले मांजरही असेच अनेक घरांचे असते, आणि पुष्कळदा घरागणिक त्याचे नावही बदलते. मांजर नेमके कोणाचे, हा प्रश्न या कथांच्या मुळाशी आहे.

सुरुवातीच्या ठळक कार्टूनपटांचे शहर म्हणजे पॅरिस. ‘गे पर-ई’ (१९६२) मध्ये प्रोव्हान्सच्या शेतावरची म्यूझेट शहराच्या ओढीने निघून येते आणि लबाडांच्या हाती सापडते. तिला आवाज दिला तो ज्युडी गार्लंडने. कथा बेताचीच, पण एक तुकडा आवर्जून पाहावा असा आहे: मोने, व्हॅन गॉग, पिकासो अशा चित्रकारांच्या शैलीत एकापाठोपाठ एक येणारी म्यूझेटची चित्रे. मुलांना आधुनिक चित्रकलेची ओळख करून देण्याचा इतका हसतखेळत मार्ग क्वचितच सापडेल.

या प्रकाराला जगभर प्रेक्षक मिळवून दिला डिस्नेच्या ‘द अ‍ॅरिस्टोकॅट्स’ने (१९७०). स्वतः वॉल्ट डिस्ने यांनी हिरवा कंदील दाखवलेला हा अखेरचा कार्टूनपट. तो पूर्ण होण्याआधीच, १९६६ मध्ये, त्यांचे निधन झाले. काळ १९१० चा. श्रीमंत मालकीण मृत्युपत्रात सारी इस्टेट आधी मांजरांच्या आणि त्यांच्यामागे बटलरच्या नावे करते. बटलर एडगर चिडतो, दुधात गुंगीचे औषध घालून डचेस ही मांजरी आणि तिच्या तीन पिल्लांना रात्री गावाबाहेर सोडून येतो. परतीच्या वाटेवर भेटतो तो थॉमस ओ’मॅली, रस्त्यावरचा बोका. तो आपले लांबलचक नाव गाऊनच सांगतो. त्याच्या मोडक्या माळ्यावर रंगणारी जॅझची मैफल हा चित्रपटाचा प्राण आहे. पेन्सिलच्या रेषा थेट पारदर्शक प्लॅस्टिकच्या तावावर उतरवण्याच्या तंत्रामुळे पात्रांभोवतीची खरखरीत रेघ दिसत राहते, आणि मांजराच्या केसाळ अंगाला ती शोभते. मात्र सयामी मांजराचे पात्र आशियाई लोकांची टिंगल करणारे आहे. आपल्या मुलांना चित्रपट दाखवताना त्याबद्दल बोलायलाच हवे. ‘ऑलिव्हर अँड कंपनी’ (१९८८) मध्ये डिकन्सचा अनाथ ऑलिव्हर न्यूयॉर्कचे मांजराचे पिल्लू झाला, पण तिथे कुत्र्यांचाच वावर जास्त.

फ्रेंचांनी आपल्या पॅरिसवर चित्रपट केला तो २०१० मध्ये. अलँ गान्योल आणि जाँ-लू फेलिसिओली यांच्या ‘युन व्ही द शा’ मधला डिनो दिवसा झोए या मुलीकडे असतो आणि रात्री एका चोरासोबत छपरांवरून हिंडतो. वडिलांच्या खुनानंतर झोएने बोलणे टाकले आहे. डिनो तिला मेलेले सरडे आणून देतो आणि ती ते डबीत जपून ठेवते. मांजराचे प्रेम म्हणजे काय, हे ज्याच्या दारात सकाळी असा ‘नजराणा’ पडलेला असतो त्याला समजावून सांगावे लागत नाही. हाताने रंगवलेल्या या चित्रपटाला ऑस्करचे नामांकन मिळाले.

२०१६ हे वर्ष या प्रकाराला विशेष लाभले. लंडनच्या ‘अ स्ट्रीट कॅट नेम्ड बॉब’मध्ये व्यसनातून बाहेर पडू पाहणारा, रस्त्यावर गाणारा जेम्स बोवेन आणि त्याचा तांबूस बोका यांची खरी गोष्ट आहे. अनेक प्रसंगांत खुद्द बॉबच पडद्यावर वावरला. व्यसनाचे प्रसंग असल्याने लहान मुलांसोबत मोठ्यांनी बसावे. जेदा तोरून यांचा ‘केदी’, म्हणजे तुर्की भाषेत मांजर, हा इस्तंबूलच्या सात मांजरांचा माहितीपट आहे. कॅमेरा बराच वेळ जमिनीलगत मांजराच्या उंचीवरून फिरतो, त्यामुळे खुर्च्यांचे पाय आणि माणसांचे जोडे हेच शहर होऊन जाते. त्यातला दुमान हा बोका उंची खाणावळीच्या काचेवर पंजे घासतो, पण आत पाऊल टाकत नाही. माणसेच खाणे घेऊन बाहेर येतात.

तिसरा जपानचा, ‘रुडॉल्फ तो इप्पाई आत्तेना’, हिरोशी साइतो यांच्या बालकादंबऱ्यांवर बेतलेला. गिफू शहरातले रुडॉल्फ हे काळे पिल्लू चुकून ट्रकमधून टोकियोत येऊन पडते. तिथल्या दांडग्या पट्टेरी बोक्याला ते नाव विचारते. तो सांगू लागतो की माझी नावे पुष्कळ आहेत, कारण जो तो मला वेगळ्या नावाने हाक मारतो. पिल्लू ‘पुष्कळ आहेत’, म्हणजे ‘इप्पाई आत्तेना’, हेच त्याचे नाव समजते. हा बोका पूर्वीच्या मालकाकडे लिहा-वाचायला शिकलेला असतो, आणि घरचा रस्ता शोधता यावा म्हणून तो रुडॉल्फलाही अक्षरे शिकवतो. रुडॉल्फ अखेर घरी पोहोचतो तेव्हा तिथे दुसरे काळे पिल्लू असते. घरच्यांनी त्याचेही नाव रुडॉल्फच ठेवलेले असते, आणि थोरला रुडॉल्फ टोकियोला परत फिरतो.