हाई बीळ कोनं शे? अंगणातली भोकं ओळखायची कशी

पहिला जोराचा पाऊस झाला की आमच्या अमळनेरकडे कपाशीच्या लावणीची घाई सुरू होते, आणि त्याच आठवड्यात घरामागच्या अंगणात रातोरात भोकं पडायला लागतात. आमचं घर गावाच्या अगदी कडेला, कंपाउंडच्या पलीकडे लगेच शेत, त्यामुळे हे दरवर्षीचंच. दोन वर्षांपूर्वी तुळशीच्या ओट्याला लागून एक बीळ दिसलं, मूठ जाईल एवढं, शेजारी ओल्या काळ्या मातीचा अर्धी घमेली ढीग. मी सरळ नळाला पाइप लावून निघालो तर शेजारचे आबा भिंतीवरून ओरडले, "पानी नको टाकू रे भो, आधी देख तरी हाई बीळ कोनं शे!"

आबांचं शंभर टक्के बरोबर होतं. बीळ कोणाचं आहे हे कळल्याशिवाय त्याचं काय करायचं ते ठरवताच येत नाही. आपण मात्र भोक दिसलं की पहिलं नाव सापाचं घेतो. पण नाग, घोणस, मण्यार यातला कोणीच स्वतः बीळ खणत नाही, खणायला त्यांच्याकडे पाय नाहीत की तसे दात नाहीत, ते उंदराच्या नाहीतर घुशीच्या तयार बिळात शिरतात. आयत्या बिळावर नागोबा ही म्हण अक्षरशः खरी आहे. उंदीर हे त्यांचं जेवण आणि उंदराचं बीळ हे घर, म्हणजे जिथे घुशी माजल्या तिथे आज ना उद्या साप येणारच, म्हणून सापाची भीती असेल तर आधी घुशीचा विचार करावा लागतो.

आता ती ढिगावाली घूस. इंग्रजीत तिला बँडिकूट म्हणतात, तो शब्द तेलुगूतल्या 'पंदिकोक्कू'वरून आलाय, अर्थ डुक्कर-उंदीर, आणि मोठी घूस अंधारात पळताना पाहिली असेल तर हे नाव का पडलं ते लगेच पटतं. शेतात आणि अंगणात जास्त त्रास देते ती मात्र आकाराने लहान घूस. तिचं बीळ ओळखायची खूण म्हणजे तोंडाशी भुसभुशीत मातीचा ढीग, आणि पुष्कळदा दिवसा तोंड आतून मातीने बुजवलेलं. आत बोगद्यांचं जाळं असतं, पिल्लांची खोली वेगळी, धान्याचं कोठार वेगळं, आणि एक-दोन वाटा अशा की ज्यांच्या तोंडावर वरून नुसता मातीचा पापुद्रा ठेवलेला असतो. तुम्ही एकीकडून धूर सोडला की ती दुसरीकडून तो पापुद्रा फोडून पसार. गोवऱ्या आणि मिरच्यांचा धूर करून दमलेले लोक आपल्याकडे गल्लोगल्ली सापडतील.

खणायचं तिचं एक मोठं हत्यार म्हणजे पुढचे दात. ते जन्मभर वाढत राहतात, समोरच्या बाजूला कडक इनॅमल आणि मागे त्यापेक्षा मऊ डेंटिन, त्यामुळे कुरतडताना मागची बाजू आधी झिजते आणि सुताराच्या पटाशीसारखी धार आपोआप येते. दातांच्या मागे ओठांच्या घड्या मिटून घेता येतात म्हणून खणताना माती तोंडात जात नाही. त्यात आपली काळी माती, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा आणि पावसाळ्यात लोण्यासारखी मऊ, घुशीला तर तयार रस्तेच मिळतात. या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आकसते, म्हणूनच पाया किंवा ओट्याजवळच्या बिळात पाइप सोडणं हे घुशीपेक्षा जास्त नुकसान करतं, आधीच पोखरलेली जागा फुगते, मग बसते, आणि फरशी कलते. शिवाय आत साप असेल तर तो तुमच्या पायाशी बाहेर येतो ते वेगळंच.

तर मग ओळखायचं कसं? मी त्या संध्याकाळी आबांच्या सांगण्यावरून सगळी भोकं सैल मातीने बुजवली आणि तोंडाशी चाळणीने रांगोळी भुरभुरली. सकाळी पाहिलं तर पाचपैकी दोनच उघडली होती, बाकी तीन जुनी, रिकामी. ही बुजवून मोजायची पद्धत शेतातली चालू बिळं शोधायलाही वापरतात. रांगोळीत बारीक पावलं उमटली होती, मी वाकून मोबाइलच्या टॉर्चमध्ये बोटं मोजली, पुढच्या पायाला चार, मागच्याला पाच. उंदीर-घुशीच्या जातीची ही खूणच आहे. मुंगूस असतं तर पुढेमागे पाच बोटं आणि नखांचे ठसे दिसले असते.

मुंगसाचं खणणं तसंही वेगळंच असतं. ते अंगणात वितीएवढे उथळ, तिरपे खड्डे उकरतं, ढीग नाही, बोगदा नाही, आणि मग लोक म्हणतात मुंगसाने लॉनची वाट लावली. त्या खड्ड्यात नीट बघा, तिथे बहुतेक वेळा हुमणी असते, ती पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वाकलेली अळी. वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंबावर, बाभळीवर जे तपकिरी भुंगेरे गोळा होतात त्यांचीच ही पिल्लं, जमिनीत राहून मुळं खातात. मुंगूस तुमचं फुकटात काम करतंय, त्याला दगड मारू नका.

साळिंदराचा त्रास सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांना, यावल, चोपडा, शहादा भागात. ते कंद आणि मुळं उकरतं, झाडांच्या साली सोलतं, आणि जाताना एखादा काळापांढरा काटा मागे ठेवून जातं. साळिंदर काटे फेकून मारतं असं लहानपणी आपल्याला सांगितलेलं असतं, ते खरं नाही, काटे सैल बसलेले असतात, घासले की गळतात किंवा टोचून अडकतात. साळिंदर, मुंगूस, घोरपड या सगळ्यांना कायद्याचं संरक्षण आहे, त्यांना पकडणं-मारणं गुन्हा आहे, फार त्रास असेल तर वनविभागाच्या 1926 नंबरवर फोन करायचा.

आता विषाचं. पहिल्या वर्षी मी दुकानातून काळी पावडर आणली होती, झिंक फॉस्फाइड, पोटातल्या आम्लाशी तिची क्रिया होऊन फॉस्फिन नावाचा विषारी वायू तयार होतो आणि त्यावर उतारा नाही. एक घूस मेली, तीही ओट्याखाली, आठ दिवस घरात बसवत नव्हतं, बाकीच्यांनी नंतर पिठाच्या गोळीला तोंडच लावलं नाही. हे का होतं ते विज्ञानाला चांगलं माहीत आहे. 1955 साली अमेरिकेत जॉन गार्सिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना सॅकरिनचं गोड पाणी प्यायला देताना गॅमा किरणांचा मारा केला, त्याने उंदरांची तब्येत बिघडली, आणि नंतर ते उंदीर त्या गोड पाण्याला टाळायला लागले. उंदराला उलटी करता येत नाही, म्हणून तो नवीन पदार्थ आधी जपून, थोडासाच चाखतो, आणि त्यानंतर त्रास झाला तर ती चव पक्की लक्षात ठेवतो.

रक्त गोठू न देणाऱ्या वड्या मिळतात, ब्रोमाडिओलोनच्या, त्यांचा परिणाम काही दिवसांनी होतो म्हणून घुशीला संशय येत नाही. पण विष घेतलेली, सुस्तावलेली घूस गव्हाणी घुबडाने नाहीतर मांजराने खाल्ली की विष त्यांच्याही पोटात जातं. घुबड ओरडलं की आपल्याकडे अजून लोक घाबरतात, मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण रात्रभर उंदीर मारणारा तोच तर आपला माणूस आहे. लहान मुलं, गुरं, कुत्री असलेल्या अंगणात तर विष नकोच. धान्यात ठेवायच्या सल्फासच्या गोळ्या बिळात टाकणारे लोक मी पाहिलेत, त्यातूनही तोच फॉस्फिन वायू निघतो आणि भिंतीच्या फटीतून झोपायच्या खोलीत येऊ शकतो, कृपा करून हे करू नका.

मग मी काय केलं? आधी खाणं बंद केलं. कोंबड्यांचं दाणं रात्री उचलायला लागलो, दादरीची, म्हणजे ज्वारीची, पोती जमिनीवरून लोखंडी स्टँडवर घेतली, तुराट्यांचा ढीग भिंतीपासून लांब नेला. घूस तीनेक आठवड्यांत विते, एका वेताला बरीच पिल्लं, त्यामुळे दहा मारल्या आणि दाणा तसाच ठेवला तर जागा लगेच भरते. मग चालू बिळं पिंजरा लावून रिकामी केली, शेंगदाणा आणि भज्याच्या वासाला त्या येतात, फक्त पिंजरा पहिले दोन-तीन दिवस दार बांधून नुसताच ठेवायचा, सवय होऊ द्यायची. रिकाम्या बिळात दगड, काचेचे तुकडे आणि सिमेंट. ओट्याच्या कडेने हातभर खोल चर खणून लोखंडी जाळी पुरली, खालचं टोक बाहेरच्या बाजूला वाकवून, कारण घूस भिंतीला धरून खाली खणते आणि आडव्या जाळीला अडली की तिथेच थांबते. हे सगळं करताना हातात रबरी मोजे, पायात गमबूट, कारण उंदीर-घुशीच्या मुतातून ओल्या मातीत लेप्टोस्पायरोसिसचे जंतू येतात आणि पायाला बारीक चीर असली तरी आत शिरतात. अशा कामानंतर ताप आला तर डॉक्टरला माती हाताळल्याचं आवर्जून सांगा.

यंदाचा पाऊस सुरू होऊन तीन आठवडे झालेत. ओट्याजवळ एकही ढीग नाही, पपईच्या बुंध्याशी मात्र रोज सकाळी दोन-तीन उथळ खड्डे असतात. सातच्या सुमारास मुंगसाची जोडी कंपाउंडखालून येते, एक उकरतं, दुसरं मान वर करून बघत बसतं. ते खड्डे मी बुजवत नाही.