ओपन-क्लोजपासून मोबाइलच्या रमीपर्यंत

जुलै २०२५ मध्ये सिन्नरचे आमदार आणि तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेत मोबाइलवर रमी खेळत होते, असा आरोप झाला. त्यांनी तो फेटाळला. महिनाअखेरीस कृषी खातं जाऊन त्यांच्याकडे आलं क्रीडा खातं! ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. पण ही रमी इतकी वर्षं राजरोस चालली कशी?

आपल्याकडचा जुगारबंदीचा कायदा १८८७चा. त्याचा सगळा रोख अड्ड्यावर: जागा, तिचा मालक, तिथे सापडलेली माणसं. निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरवला. खटला क्लबातल्या रमीचा होता, पण पुढे ॲपवाल्यांनी त्याच निकालाची ढाल केली.

मटक्याने असा कौशल्याचा आव कधी आणला नाही. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून मुंबईला येणाऱ्या उघडत्या आणि बंद भावांवर लोक पैसे लावत, ओपन-क्लोज तिथलंच. १९६१ मध्ये हे भाव येणं बंद झालं, तेव्हा कल्याणजी भगत आणि मागोमाग रतन खत्री यांनी स्वतःच आकडे काढायला सुरुवात केली. तीन पत्ते काढायचे, बेरजेचा शेवटचा अंक घ्यायचा. ५, ३, ६ आले की १४, म्हणजे आकडा ४. लागला तर साधारण नऊपट. दहाही अंकांवर रुपया-रुपया लावणारा हमखास रुपया गमावतो, बुकीचं घर त्यावर चालतं. तरी ओढ सुटत नाही, कारण खिशातली चिल्लरही चालते, शिक्षण लागत नाही, आणि ४ लावल्यावर ५ आला की 'एका घराने हुकला' म्हणत माणूस उद्याची तयारी करतो.

१९६९ पासून राज्य सरकारचीही लॉटरी आहे. तिची सोडत ठरल्या तारखेला, मटक्याचा निकाल दिवसातून दोनदा, फोनवरचा डाव काही मिनिटांत. माझ्या मते खरा धोका या आटलेल्या वेळात आहे. नाशिक जिल्ह्यात निफाड-पिंपळगावकडे द्राक्षाचा पैसा हंगामात एकदम येतो, सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पगार महिन्याला. दोन्ही एका रात्रीत जाऊ शकतात. मटक्यात हरलेल्याला उसने मागायला कुणाच्या तरी दारात जावं लागे, निदान चार जणांना कळे. फोनला बँक खातं जोडलेलंच असतं, कर्जाचं ॲपही शेजारीच. घरच्यांना पत्ता लागतो तो वसुलीचे फोन सुरू झाल्यावर.