अभ्यासक्रमात ८०८५ का टिकला

सूचना आणि डेटा एकाच मेमरीत ठेवायची कल्पना १९४५ची. १९६४च्या आयबीएमच्या सिस्टीम/३६०ने एकच सूचनासंच लहानमोठ्या मशीनवर चालवून दाखवला. सीओएच्या, म्हणजे कॉम्प्युटर ऑर्गनायझेशन अँड आर्किटेक्चर या विषयाच्या पहिल्या युनिटमध्ये एवढा इतिहास असतोच. आपल्याकडे वाद आहे तो त्यानंतरचा, ८०८५चा: इंटेलचा हा जुना मायक्रोप्रोसेसर इंजिनीअरिंगच्या अभ्यासक्रमात ठेवायचा की बदलायचा.

ही आठ बिटची चिप १९७६ची. आधीच्या ८०८०ला तीन वेगवेगळे व्होल्टेज लागत, हिला नुसते पाच व्होल्ट पुरत. त्यामुळे स्वस्तात किट, म्हणजे चिप, बटणे आणि छोटा डिस्प्ले असलेला सरावाचा बोर्ड, बनवणे सोपे झाले. १९८३ पासून महाराष्ट्रात विनाअनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजे निघू लागली. नव्या लॅबना हेच किट परवडणारे होते. पुढे जर्नल, ओरलचे प्रश्न, गाइड, सगळे त्याच्याभोवती जमले आणि चिप मागे पडली तरी पेपर हलला नाही.

बदल नको म्हणणाऱ्यांचा मुद्दा मात्र निव्वळ आळसाचा नाही. किटवर पोरगा थ्री ई, झिरो फाइव्ह दाबतो, म्हणजे ॲक्युम्युलेटर या चिपमधल्या मुख्य रजिस्टरमध्ये पाच भरायची सूचना देतो, शेवटी सेव्हन सिक्स टाकून प्रोग्राम थांबवतो आणि ॲक्युम्युलेटर उघडून पाच बघतो. पत्त्याचे खालचे आठ बिट आणि डेटा एकाच तारांवरून जातात. तारांवर पत्ता आहे हे सांगणारा एएलई सिग्नल खाली आला की लॅच हे बाहेरचे सर्किट पत्ता धरून ठेवते. हे प्रोबने तपासता येते. गुणाकाराची सूचनाच नसल्याने पुन्हा पुन्हा बेरीज करावी लागते, आणि लूप म्हणजे काय हे तिथे खरे कळते.

पण पाइपलाइन (एक सूचना पुरी व्हायच्या आत पुढची सुरू करणे) आणि कॅश (प्रोसेसरजवळची छोटी, वेगवान मेमरी) या चिपमध्ये नाहीत. ते दोन्ही फळ्यावर शिकवायचे आणि प्रॅक्टिकल ते नसलेल्या चिपवर घ्यायचे, ही फारकत तीस-चाळीस वर्षे चालवून घेतली गेली. पिन डायग्राम पाठ असलेल्या पोराला कॅश मिस झाल्यावर, म्हणजे हवा तो डेटा कॅशमध्ये न सापडल्यावर, नेमके काय होते हे सांगता येत नाही, याचा दोष पोराला देऊन भागणार नाही.

आता किटच्या जागी बऱ्याच ठिकाणी सिम्युलेटर, म्हणजे चिपची नक्कल करणारे सॉफ्टवेअर, आले, २०२०च्या लॉकडाउनमध्ये तर इलाजच नव्हता. गंमत अशी की त्यामुळे ८०८५च्या बाजूचा सर्वात भक्कम मुद्दा गेला, कारण सिम्युलेटरला प्रोब लावता येत नाही. पडद्यावरच शिकायचे तर २०१०मध्ये सुरू झालेला, खुला आणि विनारॉयल्टी रिस्क-फाइव्ह हा सूचनासंच का नको, हा प्रश्न उरतो. त्याचे सिम्युलेटर फुकट मिळतात, काहींत पाइपलाइन क्लॉकगणिक पुढे सरकताना दिसते. खर्चाची सबब आता चालणारी नाही. अडते ते शिक्षकांच्या तयारीवर आणि जुन्या प्रश्नसंचावर.