जावा इन्स्टॉल करण्याच्या पायऱ्या आल्या कुठून: ‘पाथ’पासून देवनागरीपर्यंत

पुण्यातल्या कॉलेजांत टीवाय बीसीएस किंवा एमसीएची जावाची प्रॅक्टिकल्स सुरू झाली की पहिले काही तास इन्स्टॉलेशनमध्येच जातात. हातातल्या सूचना साधारण अशा असतात: जेडीके (जावाचे प्रोग्रॅम बनवण्याचा संच) टाका, पाथ सेट करा, क्लासपाथ सेट करा, जावा होम द्या, फोल्डरच्या नावात स्पेस ठेवू नका, शेवटी मशीन रीस्टार्ट करा. यांतली एखादी पायरी आजही अटळ आहे, काही परिस्थितीनुसार लागतात आणि काहींची गरज पंचवीस वर्षांपूर्वीच संपली आहे. तरी त्या सरसकट पाळल्या जातात आणि पुष्कळदा बिघाड त्यातूनच होतो. प्रत्येक पायरी एका विशिष्ट काळातली आहे. तो काळ माहीत असला की कोणती पायरी ठेवायची आणि कोणती गाळायची, हे ठरवता येते.

‘पाथ’, म्हणजे कमांड कोणकोणत्या फोल्डरांत शोधायची याची यादी, सगळ्यांत जुना. १९७९ मध्ये बेल लॅब्जच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल्स आले: कोणताही प्रोग्रॅम सुरू होताना त्याला नाव आणि मजकूर अशा जोड्यांची एक प्रत मिळायची. १९८३ च्या एमएस-डॉस २.० ने हीच कल्पना घेतली. युनिक्सवर पाथमधले फोल्डर कोलनने वेगळे करतात. डॉसमध्ये कोलन ड्राइव्हच्या अक्षरामागे आधीच वापरात होता, म्हणून तिथे सेमिकोलन आला. युनिक्सच्या वळणाच्या उबुंटूवर चालणारी क्लासपाथची (कंपाइल केलेल्या क्लास फाइली कुठे शोधायच्या, त्या यादीची) ओळ विंडोजवर जशीच्या तशी डकवली की क्लास सापडत नाही, ते याच फरकामुळे.

सन मायक्रोसिस्टिम्सने २३ जानेवारी १९९६ रोजी जेडीके १.० दिला, तेव्हा घरोघरी आणि लॅबमध्ये विंडोज ९५ होते. तिथे पाथ ‘ऑटोएक्झेक डॉट बॅट’ या फाइलमध्ये लिहावा लागे आणि ती फाइल फक्त मशीन बूट होताना वाचली जाई. रीस्टार्टची पायरी ही तिथली. विंडोज २००० आणि एक्सपीपासून ही माहिती रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) असते. त्यामुळे पाथ बदलल्यावर नवी कमांड प्रॉम्प्ट उघडणे एवढेच पुरते. नवीच उघडायला हवी, कारण आधीपासून उघडी असलेली विंडो तिला सुरुवातीला मिळालेली जुनी प्रत धरून बसते. एक्लिप्स किंवा व्हीएस कोड उघडे असेल तर तेही बंद करून पुन्हा उघडावे लागते.

क्लासपाथची गोष्ट जास्त नुकसानीची आहे. जेडीके १.० आणि १.१ मध्ये भाषेचे मूळ क्लास ‘क्लासेस डॉट झिप’ या फाइलमध्ये असत आणि क्लासपाथ स्वतः लिहिला तर त्यात या फाइलचाही पत्ता द्यावा लागे. डिसेंबर १९९८ मध्ये आलेल्या १.२ पासून जावा आपले मूळ क्लास स्वतःच शोधते. क्लासपाथ अजिबात सेट नसेल तर चालू फोल्डर आपोआप धरले जाते. विद्यार्थ्याला तेवढेच हवे असते. उलट क्लासपाथमध्ये काहीही लिहिले की ही सोय बंद होते. मग समोर क्लास फाइल दिसत असूनही मेन क्लास सापडत नसल्याचा निरोप येतो. त्यावर उपाय म्हणून क्लासपाथच्या सुरुवातीला एक टिंब द्यायला सांगतात, कारण टिंब म्हणजे चालू फोल्डर. खरा उपाय म्हणजे ते व्हेरिएबलच काढून टाकणे. क्विकटाइमचा विंडोजवरचा इन्स्टॉलर एके काळी स्वतःच क्लासपाथमध्ये आपली झिप फाइल टाकत असे, त्यामुळे हात न लावलेल्या मशीनवरही हा घोळ निघे. जेडीबीसी ड्रायव्हरसारखी (डेटाबेसशी जोडणारी) बाहेरची जार फाइल, म्हणजे क्लासचा गठ्ठा, लागलीच तर ती त्या-त्या कमांडला ‘मायनस सीपी’ने द्यावी. ती कायमची बसवू नये.

सगळ्यांत जास्त वेळ मात्र एकाच मशीनवरच्या दोन जावांमध्ये जातो. ‘जावा मायनस व्हर्जन’ विचारले तर एक आकडा येतो, ‘जावासी मायनस व्हर्जन’ (जावासी म्हणजे जावाचा कंपायलर) विचारले तर दुसरा. जावा ७ पर्यंतचा इन्स्टॉलर ‘जावा डॉट ईएक्सई’ची एक प्रत थेट विंडोजच्या सिस्टीम ३२ फोल्डरमध्ये ठेवी. हेतू चांगला होता: पाथ सेट न करताही जावा चालावे. जावासीची प्रत मात्र तिथे नसे. जावा ८ पासून ही प्रत ‘जावापाथ’ नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये गेली आणि इन्स्टॉलर त्या फोल्डरचा पत्ता सिस्टीम पाथच्या अगदी सुरुवातीला लिहू लागला. यातच पेच आहे. विंडोज आधी सिस्टीमचा पाथ वाचते आणि युजरचा पाथ त्याच्या शेपटीला जोडते. विद्यार्थी आपल्या युजर व्हेरिएबलमध्ये जेडीके २१ चा बिन फोल्डर (कमांड असतात तो) कितीही वर चढवो, सिस्टीम पाथमधले जुने जावा आधी सापडते. ओरॅकल डेटाबेसच्या ८आय आणि ९आयच्या काळातले इन्स्टॉलरही स्वतःचे जावा पाथमध्ये पुढे घालत. डीबीएमएस आणि जावाची प्रॅक्टिकल्स एकाच लॅबमध्ये होत असल्याने हा त्रास तिथे ठरलेलाच.

शोधायची रीत सोपी आहे. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘व्हेअर जावा’ आणि ‘व्हेअर जावासी’ असे दोनदा विचारावे. जितकी जावा सापडतील तितके पत्ते क्रमाने येतात आणि पहिला पत्ता चालतो. दोन्हींचा पहिला पत्ता एकाच फोल्डरचा असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर सिस्टीम पाथमधली जावापाथची नोंद काढावी किंवा जेडीकेचा बिन फोल्डर तिच्या वर न्यावा. लॅबमध्ये ॲडमिनचे हक्क नसतात. तेव्हा जेडीकेची झिप आवृत्ती डी ड्राइव्हवर सोडवून, त्या एका विंडोपुरता ‘सेट’ कमांडने तिचा बिन फोल्डर पाथच्या आधी जोडावा. विंडो बंद केली की मशीन जसेच्या तसे राहते. इथे ‘सेट’ऐवजी ‘सेटएक्स’ वापरायचा मोह टाळावा. ती कमांड मजकूर १०२४ अक्षरांवर छाटते आणि चालू पाथ पुन्हा लिहायला वापरली तर सिस्टीम आणि युजर हे दोन्ही पाथ एकत्र कालवून युजरच्या खात्यात टाकते. अशा छाटलेल्या पाथमुळे दुसरीच सॉफ्टवेअर्स चालेनाशी होतात आणि संशय जावावर येतो. नोव्हेंबर २०१५ च्या अपडेटपासून विंडोज १० मध्ये पाथ एकेका ओळीच्या यादीत दिसतो, तिथे हाताने बदल करणे सर्वांत सुरक्षित.

जावा होम हे जेडीकेचा पत्ता सांगणारे व्हेरिएबल जावासाठी नाहीच. जावा ते वाचत नाही. अँट आणि मेव्हन (प्रकल्प बांधणारी) व टॉमकॅट (वेब सर्व्हर) ही साधने ते वाचतात. टॉमकॅटला जेएसपी पाने कंपाइल करायला जेडीकेच्या लिब फोल्डरमधली ‘टूल्स डॉट जार’ लागे, म्हणून जावा होम जेआरईकडे (प्रोग्रॅम फक्त चालवणाऱ्या संचाकडे) न दाखवता जेडीकेकडेच दाखवा, असा आग्रह रूढ झाला. २००४ च्या टॉमकॅट ५.५ मध्ये कंपायलर सोबतच येऊ लागला आणि २०१७ च्या जावा ९ मध्ये ती जार फाइलच गेली. जेडीकेकडे दाखवण्याची सवय मात्र योग्यच आहे, मेव्हनला कंपायलर लागतोच. नेहमीची चूक म्हणजे जावा होमला बिन फोल्डरचा पत्ता देणे. साधने त्यापुढे स्वतः ‘बिन’ जोडतात, मग बिनमधला बिन शोधला जातो आणि सापडत नाही. जावा होमला बिनच्या वरचा फोल्डर, पाथला बिन, एवढे पक्के ध्यानात ठेवावे.

स्पेसच्या सूचनेचा उगमही इथेच आहे. जावा १.३ आणि १.४ सी ड्राइव्हच्या मुळाशी बसत, टर्बो सीच्या टीसी फोल्डरसारखे. २००४ च्या ५.० पासून जागा ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये गेली आणि ज्या बॅच फाइलींत पत्ता अवतरणचिन्हांत नव्हता त्या मोडल्या. ‘सी कोलन प्रोग्रॅम’ ही कमांड ओळखता येत नाही असा निरोप आला तर पत्ता पहिल्या स्पेसपाशी तुटला आहे, हे नक्की. आजची साधने अवतरणे नीट देतात. स्पेस नसलेला फोल्डर फक्त जुन्या स्क्रिप्टसाठी लागतो.

लिनक्सवर अडचण वेगळीच होती, ती परवान्याची. सनचे जावा मुक्त नसल्याने डेबियनसारख्या वितरणांच्या मुख्य भांडारात ते येऊ शकत नसे. तिथे जीसीजेसारखे अपुरे पर्याय असत. नोव्हेंबर २००६ मध्ये सनने जावा जीपीएल या मुक्त परवान्याखाली मोकळे करण्याची घोषणा केली, २००७ मध्ये ओपनजेडीके आले आणि त्यानंतर एका ‘ॲप्ट’ कमांडमध्ये जावा बसू लागले. एकाहून अधिक आवृत्त्या ‘यूएसआर लिब जेव्हीएम’मध्ये शेजारी-शेजारी राहतात आणि ‘अपडेट अल्टरनेटिव्ह्ज’ने हवी ती निवडता येते. दोन गोष्टी इथे हटकून चुकतात. पहिली, नावाच्या शेवटी जेडीकेऐवजी जेआरई असलेले पॅकेज घेतले जाते, मग जावा चालते पण जावासी नसते. दुसरी, जावा होम ‘बॅशआरसी’मध्ये लिहिले जाते. ती फाइल टर्मिनल वाचते, पण मेन्यूमधून उघडलेला एडिटर वाचत नाही. त्याच्यासाठी होम फोल्डरमधली ‘प्रोफाइल’ फाइल वापरून एकदा लॉगआउट करावे.

मॅकवर ॲपल स्वतःचे जावा देत असे. २०१० मध्ये त्यांनी ते थांबवण्याची सूचना दिली आणि जावा ७ पासून ते ओरॅकलकडून येऊ लागले. जुन्या सूचनांमधली ‘बॅश प्रोफाइल’ फाइल २०१९ च्या मॅकओएस कॅटलिनापासून निरुपयोगी झाली, कारण नव्या खात्यांचा शेल (टर्मिनलमध्ये कमांड वाचणारा प्रोग्रॅम) झेडशेल आहे. जावा होमची ओळ ‘झेडएसएचआरसी’मध्ये लिहावी. एम-वन चिपसाठीचे मूळ जावा अधिकृतपणे १७ मध्ये आले.

कोणता जेडीके घ्यावा, हा प्रश्न २०१८ पर्यंत पडतच नव्हता. ओरॅकलने जावा ११ पासून आपल्या जेडीकेच्या व्यावसायिक वापरासाठी पैसे आकारायला सुरुवात केली आणि एप्रिल २०१९ पासूनच्या जावा ८ च्या अपडेटनाही तोच नियम लावला. जानेवारी २०२३ पासून वर्गणी कंपनीच्या एकूण कर्मचाऱ्यांवर मोजली जाते, जावा वापरणाऱ्यांवर नाही. हिंजवडी किंवा खराडीतल्या कंपनीत रुजू होताच ‘टेमुरिन’ किंवा ‘कोरेटो’च टाका असे सांगतात, त्याचे कारण हे. दोन्ही ओपनजेडीकेच्याच बांधण्या आहेत, विनाशुल्क आहेत आणि अभ्यासक्रमासाठी त्यांत काहीही कमी नाही.

नोकरीत जुना प्रकल्प जावा ८ वर आणि लॅपटॉपवर २१, ही स्थिती नेहमीची. २१ ने कंपाइल केलेली फाइल ८ वर चालवली तर क्लास फाइलची आवृत्ती ६५ आहे, ५२ पर्यंतच ओळखता येते, असा निरोप येतो. त्या आकड्यातून ४४ वजा केले की जावाची आवृत्ती मिळते: ६५ म्हणजे २१, ६१ म्हणजे १७, ५२ म्हणजे ८. उपाय जावासीला ‘रिलीज ८’ सांगून पुन्हा कंपाइल करणे.

शेवटची पायरी मराठी वापरणाऱ्यांपुरती, आणि सूचनांमध्ये ती बहुधा नसतेच. जावाचा ‘कॅरॅक्टर’ पहिल्यापासून युनिकोडचा आहे. युनिकोडमधला देवनागरीचा तक्ता १९८८ च्या इस्की या भारतीय लिप्यांच्या मानकावर बेतलेला आहे. त्याच वर्षी पुण्यात सी-डॅक सुरू झाले आणि भारतीय लिप्यांसाठीचे जिस्ट तंत्रज्ञान पुढे तिथेच वाढले. एवढे असूनही विंडोजवर जावासी १७ पर्यंत सोर्स फाइल मशीनच्या एन्कोडिंगमध्ये (कोणता बाइट म्हणजे कोणते अक्षर, या तक्त्यानुसार) वाचत असे, म्हणजे बहुतेक वेळा विंडोज-१२५२ मध्ये. यूटीएफ-८ मध्ये ‘पुणे’ या शब्दाचे बारा बाइट होतात: प, उकार, ण आणि मात्रा, प्रत्येकी तीन. त्यांतल्या उकाराचा शेवटचा बाइट हेक्समध्ये ८१ आहे, आणि १२५२ च्या तक्त्यात ८१ ची जागा रिकामी आहे. म्हणून ‘पुणे’ लिहिले की कंपायलर न जुळणाऱ्या अक्षराची तक्रार करतो. ‘नगर’ लिहिले तर तक्रार येत नाही, पण छापताना कचरा येतो. ‘नमस्कार’मधल्या जोडाक्षराच्या हलन्ताचा शेवटचा बाइट ८डी, तोही त्या तक्त्यात रिकामाच.

जावासीला ‘मायनस एन्कोडिंग यूटीएफ-८’ दिले की हे थांबते. मार्च २०२२ च्या जावा १८ पासून यूटीएफ-८ हेच मूळ धरले जाते. तरीही कन्सोलवर प्रश्नचिन्हे दिसली तर दोष सोर्सचा नाही. छापणे अजून कन्सोलच्या कोड पेजवर (त्याच्या अक्षरतक्त्यावर) चालते, म्हणून प्रोग्रॅम चालवण्याआधी त्याच विंडोत ‘सीएचसीपी ६५००१’ द्यावे. जुन्या नोटपॅडमध्ये यूटीएफ-८ म्हणून सेव्ह केलेल्या फाइलच्या सुरुवातीला तीन अदृश्य बाइट येतात आणि जावासी पहिल्याच ओळीवर बेकायदा अक्षर असल्याचे सांगतो. २०१९ पासूनचे नोटपॅड ते बाइट आपणहून घालत नाही. लॅबमध्ये विंडोज त्याहून जुने असेल, तर ती फाइल नोटपॅड प्लस प्लसमध्ये उघडून ‘बॉम’शिवाय, म्हणजे त्या तीन बाइटांशिवाय, सेव्ह करावी.