आर्थिक वाढ आणि कार्बन उत्सर्जन

विकसनशील देशात उत्पन्न, कारखाने आणि बँकांचं कर्ज वाढतं तसा हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड किती आणि का बदलतो, तो हा विषय. सुरुवातीला तो वाढतोच, यात फारसा वाद नाही. माणसं शेतीतून कारखान्यात जातात, सिमेंट-स्टील लागतं, वीज लागते, आणि आपल्याकडे वीज म्हणजे अजूनही बहुतेक कोळसाच.

वाद पुढचा आहे. अर्थतज्ज्ञ कुझनेट्सची १९५५ मधली उत्पन्नाच्या विषमतेबद्दलची कल्पना, म्हणजे उलट्या यूसारखा आलेख, ग्रॉसमन आणि क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी १९९१ मध्ये प्रदूषणाला लावून बघितली: आधी वाढ, मग एका उत्पन्नापुढे घट. पण त्यांनी तपासला तो सल्फर डायऑक्साइड आणि धूर, त्याने डोळे चुरचुरतात, लोक ओरडतात, सरकार हलतं. कार्बन डायऑक्साइडला ना वास ना रंग, त्रासही सगळ्या जगात वाटला जातो, तेव्हा हा आलेख आपोआप खाली येईल असं धरून चालणं मला तरी भाबडेपणा वाटतो.

वित्तीय वाढ, म्हणजे कर्ज आणि बाजारातून उभा राहणारा पैसा वाढणं, तर दोन्हीकडून चालते: उत्सर्जन वाढवतेही आणि कमीही करते. इंदूरचंच बघा ना, विजयनगरच्या शोरूममध्ये एसी हप्त्यावर, गाडी हप्त्यावर, फ्लॅट लोनवर, जो माणूस कूलरवर मे महिना काढायचा (आणि वर पाहुण्यांना माळव्याच्या गार रात्रींचं कौतुक ऐकवायचा) तोही आता रात्रभर एसी लावतो. आणि याच शहराच्या महापालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये ग्रीन बॉण्ड (पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे) काढून २४४ कोटी रुपये उभे केले, सामान्य गुंतवणूकदारांना थेट विकलेले पालिकेचे असे बॉण्ड देशात पहिलेच, आणि ते कशासाठी, तर नर्मदेचं पाणी नदीकाठच्या जलूद गावाहून साधारण ७० किमी लांब पठारावर चढवायला जे पंप चालतात त्यांचं वीजबिल प्रचंड, म्हणून जलूदलाच ६० मेगावॅटचा सोलर प्रकल्प. सोलरचा जवळजवळ सगळा खर्च आधीच करावा लागतो, नंतर कोळसा घ्यायचा नसतो, त्यामुळे कर्जाचा व्याजदर एकदोन टक्के वरखाली झाला तरी युनिटचा भाव बदलतो.

भारताचं माणशी उत्सर्जन साधारण २ टन, जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी. २०३० पर्यंत ४५ टक्के कपातीचं जे वचन आहे ते २००५ च्या तुलनेत, आणि जीडीपीच्या दर रुपयामागे, एकूण उत्सर्जनात नाही, म्हणजे तोवर एकूण आकडा वाढला तरी वचन मोडत नाही. नेट झिरोचं, म्हणजे जेवढं उत्सर्जन तेवढंच शोषून घेऊन हिशेब शून्यावर आणण्याचं, साल २०७० आहे.